थुरामचे दोन गोल आणि नंतरचं सगळं

लिलियान थुराम, फ्रान्सच्या फुटबॉल टीमचा राइट बॅक (म्हणजे उजवीकडं मागं राहून गोल अडवणारा), देशाकडून १४२ मॅच खेळला. गोल किती मारले? दोन. आणि ते दोन्ही एकाच रात्री, एकाच मॅचमध्ये, ती पण वर्ल्डकपची सेमी फायनल. त्याच्या आधी एक नाही, नंतर एक नाही. १९९४ ला पहिली मॅच आणि २००८ ला शेवटची, एवढ्या काळात बाबाने दोनच वेळा जाळं हलवलं आणि ते नेमकं तेव्हा हलवलं जेव्हा अख्ख्या देशाला गरज होती.

आमच्या ग्रुपवर परवा "रिटायर झाल्यावर सगळ्यात भारी आयुष्य कुणाचं" असा वाद लागला. नेहमीचीच नावं, बेकहॅमने क्लब काढला, झिदान कोच झाला, अमका टीव्हीवर बसून शहाणपणा शिकवतो. मी थुरामचं नाव टाकलं तर दोघा-तिघांनी विचारलं की तो तर काहीच करत नाही ना आता, फ्रान्सचा फॉरवर्ड मार्कस थुरामचा बाप तोच ना? म्हटलं थांबा, आता लिहितोच. आणि दुसरं कारण असं की मी स्वतः पेठेच्या टीममधून बॅक खेळायचो, आणि बॅकवर कोण लिहितंय हो. कोल्हापुरात वर्ल्डकप आला की चौकाचौकात ब्राझील-अर्जेंटिनाचे कटआउट लागतात, कटआउटवर कोण तर नेमार नाहीतर मेस्सी. राइट बॅकचा कटआउट मी तरी आजपर्यंत बघितला नाही.

तर ती रात्र. ८ जुलै १९९८, आपल्याकडं साडेबारा म्हणजे तारीख ९ लागलेली. पॅरिसजवळ सँ-देनीला नवंकोरं स्टेडियम, समोर क्रोएशिया. त्या वर्ल्डकपात फ्रान्सचा डिफेन्स म्हणजे उजवीकडं थुराम, मध्ये ब्लांक आणि देसाई (हो, उच्चार देसाईच, आमच्याकडं त्याला लगेच गडहिंग्लजचा करून टाकलेलं), डावीकडं लिझाराझू, मागं गोलकीपर टकल्या बार्थेझ. सेमीपर्यंत या लोकांनी एकच गोल खाल्लेला, तो पण डेन्मार्कविरुद्ध पेनल्टीवर. क्वार्टरला इटलीशी ०-० आणि मग शूटआउट. म्हणजे ही टीम गोल मारायला अडखळत होती, पण खात नव्हती.

हाफटाइमला ०-०. आणि दुसरा हाफ सुरू होऊन लोक जागेवर बसतायत तोवर आसानोविचने पुढं बॉल सोडला, डावोर शुकर मोकळा पळाला आणि गोल. रिप्ले बघितला तर फ्रान्सची लाइन पुढं सरकलेली आणि एकटा थुराम मागं राहिलेला, त्याच्यामुळं शुकर ऑनसाइड, म्हणजे गोल नियमात बसला. बॅक खेळलेल्या माणसाला विचारा हे काय असतं. फॉरवर्डने दहा चान्स घालवले तर लोक नशीब नशीब करतात, बॅकने एक पाऊल उशिरा टाकलं की त्याच्या घरापर्यंत शिव्या पोचतात. आणि वाईट म्हणजे तुम्हाला लगेच कळतं, बॉल जाळ्यात जायच्या आधीच कळतं की हे आपलं पाप.

मग काय झालं तर सेंटर होऊन मिनिट होतंय न होतंय तोवर हा राइट बॅक थेट क्रोएशियाच्या बॉक्सजवळ. बोबान आपल्याच बॉक्सच्या तोंडाशी बॉल घेऊन घुटमळत होता, थुरामने तो काढून घेतला, जोरकाएफशी वन-टू केला (पास देऊन लगेच परत घेतला) आणि मारला. १-१. आणि ७० व्या मिनिटाला तर हद्दच, परत तोच, उजवीकडून आत येऊन बॉक्सच्या कडेवरून डाव्या पायाने लांबच्या कोपऱ्यात. डावा पाय! राइट बॅकचा डावा पाय म्हणजे उभं राहायला असतो. त्यानंतर तो गुडघ्यावर बसला आणि ओठाला बोट लावून विचार करतोय असा चेहरा करून बघत राहिला, सगळी टीम अंगावर पडायला पळत येतीये आणि ह्याला प्रश्न पडलाय की हे मी केलं? तो फोटो तुम्ही बघितलाच असेल, नसेल तर आधी तो शोधा मग पुढं वाचा.

पुढं ब्लांकला रेड कार्ड, क्रोएशियाच्या बिलिचने जरा जास्तच नाटक केलं, बिचारा ब्लांक फायनलला मुकला. पण फ्रान्सने २-१ धरून ठेवलं आणि १२ जुलैला ब्राझीलला ३-०. फायनलला झिदानची दोन हेडर, त्यामुळं इतिहासात झिदान. ठीकाय. पण स्पर्धेत बेस्ट प्लेअरमध्ये तिसरा नंबर थुरामला मिळाला, रोनाल्डो पहिला, शुकर दुसरा, आणि तिसरा एक राइट बॅक. डिफेंडरला असं सहसा कुणी देत नाही.

क्लबचं पटकन सांगतो कारण यादी वाचायला कुणालाच आवडत नाही. मोनाकोला कोच वेंगरच्या हाताखाली सुरुवात, १९९६ ला इटलीतला पार्मा क्लब, तिथं गोलकीपर बुफों आणि डिफेंडर कानावारो सोबत. भरात आलेले हे तिघं एका मध्यम क्लबात एकत्र होते हे आज कुणाला खरं वाटणार नाही. १९९९ ला त्या पार्माने युएफा कप आणि इटालियन कप दोन्ही उचलले. २००१ ला बुफों आणि थुराम दोघंही इटलीतल्याच युव्हेंटसला. तिथं दोन लीग मैदानात जिंकल्या आणि राहिल्या, अजून दोन जिंकल्या पण २००६ च्या मॅच फिक्सिंगच्या लफड्यात काढून घेतल्या आणि क्लब खालच्या डिव्हिजनला ढकलला. मग हा बार्सिलोनाला, तिथं वय झालेलं, बेंचवरच जास्त. चॅम्पियन्स लीग कधीच मिळाली नाही, २००३ ची फायनल मिलानसमोर पेनल्टीवर गेली. युरो २००० (युरोपातल्या देशांची स्पर्धा) मिळाला. मध्ये २००४ ला फ्रान्सकडून रिटायर पण झालेला, वर्षभराने झिदान आणि माकेलेलेबरोबर परत आला आणि २००६ ला चौतिसाव्या वर्षी सेंटर बॅक म्हणून फायनलपर्यंत गेला. त्या वर्ल्डकपची पोर्तुगालविरुद्धची सेमी बघा कधी. धावत कुठंच नाही. बॉल जिथं येणार तिथं आधीच उभा. मी त्या मॅचनंतर आमच्या टीममधल्या ज्युनिअर पोरांना सांगायचो की टॅकल मारायला लागली म्हणजे तू आधी कुठंतरी झोपलेलास.

आता नंतरचं, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

२००८ च्या उन्हाळ्यात युरो संपला, फ्रान्स ग्रुपमध्येच बाहेर. थुराम ३६ वर्षांचा, आणि पॅरिस सँ-जर्मँशी बोलणी जवळपास पक्की. म्हणजे घरी परत येऊन एक-दोन वर्षं खेळून निवांत निरोप घ्यायचा, असा प्लॅन. मेडिकलला गेला आणि डॉक्टरांना हृदयात दोष दिसला. सही राहिली बाजूला, ऑगस्टमध्ये त्याने जाहीर केलं की संपलं. निरोपाची मॅच नाही, मैदानाला फेरी नाही. एवढी वर्षं टॉप लेव्हलला खेळला आणि शेवट झाला तो तपासणीच्या टेबलवर. गुडघा गेला, पाठ गेली असं म्हणून थांबणारे आपण खूप बघतो, आमच्याकडं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पोरांना शिव्या घालणाऱ्या निम्म्या जुन्या प्लेअरचा एक तरी गुडघा कामातून गेलेला असतो. पण पाय अजून चालतायत आणि हृदय नको म्हणतंय, हे वेगळंच.

बहुतेक लोक इथं कोचिंगचा कोर्स करतात नाहीतर माइक धरतात. ह्याने त्याच वर्षी स्वतःच्या नावाने फाउंडेशन काढलं, काम एकच, शाळेतल्या पोरांना वंशवाद समजावून सांगायचा. आणि हे अचानक सुचलेलं नव्हतं, त्यासाठी थोडं मागं जायला लागेल.

थुरामचा जन्म ग्वादेलूपचा, १ जानेवारी १९७२. कॅरेबियन समुद्रातलं बेट, पण फ्रान्सचाच भाग, म्हणजे तिथला माणूस जन्मापासून फ्रेंच नागरिक. आईने एकटीने पाच पोरं वाढवली. उसाच्या शेतात राबली, मग पोरांना मागं ठेवून आधी एकटी पॅरिसकडं गेली, साफसफाईची कामं केली आणि १९८१ ला पोरांना बोलवून घेतलं. (ऊसतोडीला गेलेली आई आणि मागं राहिलेली पोरं हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला लागत नाही.) पोरगं नऊ वर्षांचं, नवी शाळा, आणि वर्गातली पोरं त्याला एका कार्टूनमधल्या काळ्या गायीच्या नावाने चिडवायला लागली. त्या कार्टूनमध्ये दोन गायी, काळी बावळट आणि गोरी हुशार. घरी येऊन आईला विचारलं की असं का, तर आई म्हणाली हे असंच आहे, लोक असेच असतात, बदलणार नाही. ही गोष्ट तो सगळीकडं सांगतो, आणि त्याचं म्हणणं असं की मी जन्माने काळा नव्हतो, पॅरिसला आल्यावर नवव्या वर्षी मला लोकांनी काळा केलं. आईचं उत्तर त्याला पटलं नाही आणि आयुष्यभर पटलं नाही. माझ्या मते पुढचं सगळं त्या एका न पटण्यातून आलेलं आहे.

खेळत असतानाही तो गप्प नव्हताच. २००५ ला पॅरिसच्या बाहेरच्या वस्त्यांमध्ये दंगली पेटल्या, तेव्हा गृहमंत्री होते सार्कोझी, त्यांनी तिथल्या पोरांना उद्देशून गुंड-मवाली छापाचा शब्द वापरला. थुरामने जाहीरपणे सुनावलं की मी पण त्याच वस्तीतला आहे, आणि सुरक्षेचं बोलायच्या आधी सामाजिक न्यायाचं बोला. पुढच्या वर्षी काशाँ गावात एका इमारतीतून पोलिसांनी कुटुंबं बाहेर काढली, कागदपत्रं नसलेले परदेशी लोक, तर ह्याने आणि टीममधल्या विएराने त्यातल्या ७० जणांना फ्रान्स-इटली मॅचची तिकिटं दिली, वर्ल्डकप फायनलनंतरची पहिलीच भेट, सगळ्या देशाची नजर तिथं. नंतर सार्कोझी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनीच मंत्रीपद देऊ केलं, ह्याने नको म्हटलं. आपल्याकडं कुठल्या क्रिकेटरला हे जमलं असतं ते तुम्हीच ठरवा, मी नावं घेत नाही, कमेंटमध्ये राडा नको.

फाउंडेशनचं काम म्हणजे नुसते फोटो काढायचा प्रकार नाही. तो वर्गात जातो आणि पोरांना विचारतो की माणसांचे वंश किती? पोरं मोजायला लागतात, काळे, गोरे, पिवळे. मग विचारतो की काळ्या लोकांना काय चांगलं येतं? उत्तर येतं, पळायला. आणि समोर वर्ल्डकप जिंकलेला काळा माणूस उभा आहे, त्याला बघून पोरांना आपलं उत्तर बरोबरच वाटणार की! तिथून तो सुरुवात करतो, की असं तुम्हाला कुणी शिकवलं? अजून एक, तो जगाचा नकाशा दाखवतो ज्यात दक्षिण वर आहे आणि आफ्रिका तिच्या खऱ्या आकाराएवढी मोठी. पोरं म्हणतात नकाशा उलटा लावलाय. तो विचारतो, उलटा कशावरून? मी हा नकाशा माझ्या पुतण्याला दाखवला तर तो पण तेच म्हणाला, मग भारत शोधायला त्याला जरा वेळ लागला आणि नंतर मात्र मोबाइल सोडेना.

२०११ ला त्याने पॅरिसच्या के ब्रान्ली म्युझियममध्ये एक प्रदर्शन उभं करण्यात हात लावला, क्युरेटर लोकांबरोबर. विषय काय तर माणसांची प्राणिसंग्रहालयं. वाचून मलाही आधी कळलं नाही. युरोपात एकोणिसाव्या शतकापासून ते १९३० च्या दशकापर्यंत आफ्रिकेतली, आशियातली, पॅसिफिक बेटांवरची माणसं आणून, कुंपण घालून, तिकीट लावून दाखवायचे. हे बघा रानटी लोक. आणि आता हे ऐका. १९९८ च्या त्याच टीममध्ये ख्रिस्तियान करांब्यू होता, लांब केसांचा, न्यू कॅलेडोनियाचा. १९३१ ला पॅरिसमध्ये वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा न्यू कॅलेडोनियाहून कनाक लोक आणले होते, नरभक्षक म्हणून दाखवायला, आणि त्यातल्या काहींना मगरींच्या बदल्यात जर्मनीला पाठवलं. मगरींच्या बदल्यात माणसं. करांब्यूचे पणजोबा त्या कनाकांमध्ये होते. म्हणून मॅचच्या आधी राष्ट्रगीत लागलं की करांब्यू तोंड उघडायचा नाही आणि लोक त्याला देशद्रोही म्हणायचे. सेमी फायनलच्या रात्री मला करांब्यूचे फक्त केस दिसले होते.

सगळंच त्याचं पटतं असं नाही हां. २०१० ला दक्षिण आफ्रिकेत फ्रान्सच्या प्लेअर लोकांनी कोचविरुद्ध बंड केलं, बसमधून खालीच उतरले नाहीत, तेव्हा थुराम फ्रान्सच्या फुटबॉल फेडरेशनच्या मंडळात होता आणि त्याने सांगितलं की कॅप्टन एव्हराला परत कधी फ्रान्सचा निळा शर्ट देऊ नका. अरे बाबा, कायमचं? एव्हरा पण भडकला आणि त्याला काय काय बोलला. मला वाटतं तिथं थुराम मास्तरकीत घसरला, स्वतः इतका शिस्तीचा की दुसऱ्याचा तोल गेलेला त्याला सहनच होत नाही. उलट २०११ ला फेडरेशनमध्ये दोन देशांचं नागरिकत्व असलेल्या पोरांची संख्या अकादमीत कमी करायची का अशी चर्चा बाहेर फुटली, आणि त्या बैठकीत कोच म्हणून लोराँ ब्लांक होता. म्हणजे त्याच्या शेजारी उभं राहून खेळलेला ब्लांक. तरी थुराम बोलला, जुना दोस्त म्हणून सोडलं नाही. आपल्याच टीमच्या माणसाविरुद्ध बोलायला काय लागतं ते तालमीत वाढलेल्याला माहितीय.

आणि २०१९ ला इटलीत खेळणाऱ्या काळ्या फॉरवर्ड लुकाकूला बघून प्रेक्षकांनी माकडाचे आवाज काढले तेव्हा ह्याने मुलाखतीत गोऱ्या लोकांच्या मनातल्या वरचढपणाबद्दल बोलून टाकलं, तर उलट ह्यालाच वंशवादी म्हणून झोडलं. पुढच्या वर्षी त्याने या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. मुद्दा साधारण असा, की काळ्या माणसाला सतत आठवण करून दिली जाते की तू काळा आहेस, गोऱ्याला मात्र आपण गोरे आहोत हा विचारच करायला लागत नाही, तो स्वतःला फक्त माणूस समजतो, आणि खरा फायदा तिथंच लपलेला असतो. हे वाचून लगेच फ्रान्सच्या लोकांना हसू नका. "आमच्यात जात वगैरे कुणी मानत नाही" हे वाक्य आपल्याकडं कुठल्या घरातून ऐकू येतं आणि कुठल्या घरातून कधीच येत नाही, तेवढं आठवून बघा. आमच्या ग्रुपवर हे लिहिलं तर दोन मिनिटांत कुणीतरी आयपीएलचा स्कोअर टाकला.

बरं, पोरांचं. मोठा मार्कस, १९९७ ला पार्मात जन्मला, नाव काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्कस गार्वीवरून. धाकटा खेफ्रेन, २००१ चा, नाव इजिप्तच्या फॅरोवरून, तोच ज्याचा गिझाला पिरॅमिड आहे. बापाने नावं पण धडा शिकवायलाच ठेवलीत. दोघंही फ्रान्सकडून खेळले आणि दोघांपैकी एकही डिफेंडर नाही, मार्कस फॉरवर्ड आणि खेफ्रेन मिडफिल्डर. मार्कस २०२३ ला इंटरला आला आणि पहिल्याच सीझनला मिलान डर्बीत (मिलान शहरातल्या दोन क्लबांच्या मॅचमध्ये) गोल मारला, त्याच मॅचला लीग पक्की झाली. म्हणजे युव्हेंटसच्या माणसाचा पोरगा त्यांचा कट्टर वैरी इंटरला! आणि पुढच्या वर्षी धाकटा युव्हेंटसला. २०२४ च्या निवडणुकीच्या तोंडावर फ्रान्सची टीम युरोला गेलेली, तेव्हा प्रेस कॉन्फरन्सला मार्कसने सरळ सांगितलं की उजव्या टोकाचा पक्ष जिंकू नये म्हणून सगळ्यांनी लढायला पाहिजे, मतदान करायला पाहिजे. बाकीचे प्लेअर शब्द तोलत होते. ऐकून मी हसलो, घरातलं जेवण दिसतंच अंगावर.

फ्रान्सकडून सगळ्यात जास्त मॅच खेळल्याचा १४२ चा रेकॉर्ड आता गेला, २०२२ च्या वर्ल्डकपमध्ये ह्युगो लोरिसने मोडला. गोलकीपरने मोडला हे बरं झालं, निदान मागच्या लाइनीतच राहिला.

सप्टेंबर २०२५ ची युव्हेंटस-इंटर मॅच बघितली असेल तर ठीक, नसेल तर हायलाइट्स बघा. ४-३, शेवटच्या मिनिटाला युव्हेंटसने काढली. त्यात इंटरकडून मार्कसचा गोल आणि युव्हेंटसकडून खेफ्रेनचा गोल, दोघांनी हेडरच मारला, एका मॅचमध्ये दोन थुराम, दोन गोल. बापाने १४२ मॅचमध्ये जेवढे मारले तेवढे पोरांनी मिळून एका संध्याकाळी मारले. ग्रुपवर मी हे टाकल्यावर एकाने लिहिलं की बाप असता बॅकला तर सात गोल झालेच नसते. पहिल्यांदाच त्या ग्रुपवर कुणीतरी बॅकबद्दल चांगलं बोललं, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.